कंपनीचा वाटा

राई गावाचा खाडीकडचा बांध फुटला त्याला येत्या जुलैत दोन वर्षं पुरी होणार होती. या दोन वर्षांत विमलाबाईच्या दीड एकरात भाताचं एक पातंही उगवलं नव्हतं. उगवणार कसं? त्या पुरात बांधाला तीस फुटांचं भगदाड पडलं आणि तेव्हापासून खाडी रोज दोनदा शेतात येऊन बसू लागली. आली की पाणी, गेली की मीठ. वैशाखात शेतावर पांढरा थर धरायचा आणि अनवाणी चाललं की भेगाळलेल्या टाचांना चरचरायचं. विमलाबाई तरी रोज एक फेरी मारायचीच. आजारी माणसाला बघायला जावं तशी जायची, बघायची, सुस्कारा टाकून परत यायची.

घरामागच्या उंचवट्यावर दोन खाटा मावतील एवढी जागा होती. तिथं तिनं दोन्ही पावसाळ्यांत मूठभर भात पेरला होता. खाऱ्या जमिनीत तग धरणारं, लाल दाण्याचं, सासूच्या सासूपासून चालत आलेलं बी होतं ते. बी एकदा मेलं की बाजारात मिळत नाही, म्हणून तिनं ते जगवलं होतं. वर्षाला निघायचं पायलीभर. ते मडक्यात भरून, वर राख घालून, तोंड बांधून ठेवायची.

तिचा मुलगा चंदन मीरा रोडला कुरिअरच्या ऑफिसात कामाला होता. तो हसायचा. म्हणायचा, "आये, याचा एका माणसाचा पंधरा दिवसांचा भातपण होणार न्हाय. कशाला राखण करतेस?"

त्याच्या हसण्यामागं एका बिल्डरचा कागद होता. बिल्डरला दीड एकर हवा होता. चंदनला नव्या इमारतीत दोन खोल्या, नळाचं पाणी आणि मोटारसायकल दिसत होती. त्याचंही अगदीच चूक नव्हतं. पोरानं दोन वर्षं आईला मीठ बघून रडताना पाहिलं होतं. शेवटी दिवाळीत मायलेकांचं ठरलं. विमलाबाई म्हणाली, "येता पावसाला बघू. भात झाला तर जमीन माझी, तू कागदाचं नाव काढाचं न्हाय. न्हाय झाला, तर तू सांगशील तिथं अंगठा देतंय." आणि विमलाबाईचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, हे आख्ख्या राईला ठाऊक होतं.

बांध बांधायचा तर माणसं आणि दगड दोन्ही लागतात. पूर्वी राईत घरटी एक माणूस बांधावर यायचा. आता अर्ध्या घरांनी जमिनी विकल्या होत्या, त्यांना बांधाचं सुखदुःख उरलं नव्हतं. बावीस घरं राहिली. चिखल त्यांच्या हातांत होता, दगड मात्र नव्हता. खाडीच्या अंगाला दगड रचल्याशिवाय चिखलाचा बांध म्हणजे उधाणाला वाढलेलं ताट.

दगड आला तो भलत्याच वाटेनं. एका मोठ्या रंगाच्या कंपनीचं काशिमिऱ्याला गोदाम होतं. कंपनीनं ठरवलं की आसपासच्या गावांसाठी काहीतरी करायचं. त्यासाठी रसिका नावाची पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी जानेवारीत गावात आली. मीरा रोडलाच राहायची. पायात बूट, पाठीला बॅग. गावाला वाटलं, आता ही शाळेतल्या पोरांना दप्तरं वाटणार, फोटो काढणार आणि जाणार. ती देवळाच्या पारावर बसली आणि म्हणाली, "तुम्हांला काय हवंय ते सांगा. मी लिहून घेते."

असं कधी कुणी विचारलेलंच नव्हतं. मग बांधाचा जाणता म्हातारा बाबाजी पुढं झाला. पंच्याहत्तरी उलटलेली, पण अंगावर नुसता लंगोट आणि बंडी घालून तो चिखलात उतरला की तरुण पोरं मागं पडायची. तो म्हणाला, "बाय, दगड दे."

"दगड?"

"नऊ ट्रक. बाकीचं आमी बगतो."

रसिकानं दगड असं लिहून घेतलं, आणि कंपनीत चार महिने त्यासाठी भांडली. एवढंच नाही, आपल्याबरोबर ऑफिसातली पाच जणं घेऊन सलग तीन शनिवार बांधावर कामाला आली. पहिल्या शनिवारी त्यांची कामं बघून गाव पोट धरधरून हसलं. एकानं घमेलं उलटं धरलं होतं. एकीचा बूट चिखलानं गिळला तो आजतागायत मिळालेला नाही. पण दुसऱ्या शनिवारी ती परत आली, तळहातांवर फोड आणि फोडांवर चिकटपट्ट्या लावून, तेव्हा हसणं थांबलं. विमलाबाईनं तिला रांगेत आपल्या शेजारी घेतलं आणि शिकवलं, "हातानं उचलू नको, मांडीवर घे, मंगे पुढं दे. कंबर मोडून घेतीस ती कोन देनार तुना परत?"

तिसऱ्या शनिवारी भगदाड बुजलं. वैशाखातलं ऊन सकाळीच चटके देत होतं. कमरेएवढ्या चिखलात अठ्ठावीस माणसांची रांग, हातातून हातात ढेकूळ सरकतंय, मधल्या थराला भाताचा पेंढा, वर पुन्हा चिखल, त्यावर बाबाजीच्या टाचा. शेवटचं ढेकूळ बसलं तेव्हा एकच ओरडा झाला. विमलाबाईनं पदरानं तोंड पुसलं तर चिखल जास्तच पसरला. तिला कितीतरी दिवसांनी भूक लागल्यासारखी भूक लागली होती.

आता फक्त दगड रचायचा राहिला होता. नऊ ट्रक रस्त्याला येऊन उभे होते, पण अजून रिकामे झाले नव्हते. चार दिवसांवर अवस होती. अवसेच्या उधाणाआधी दगड बसला नाही, तर तीन शनिवारांचा चिखल खाडी एका दुपारी चाटूनपुसून नेणार, हे सांगायला कुणी जाणता नको होता.

ट्रक अडले होते ते एका माणसासाठी. कंपनीतून गुणवंतभाई यायचे होते.

गुणवंतभाई हे कंपनीच्या नीतीच्या खात्याचे साहेब. मोठ्या कंपनीत असंही एक खातं असतं. कोण खरं वागतो, कोण खोटं, कोण कुणाकडून काय घेतो, हे बघायचं त्यांनी. त्यांच्या खिशात कायम एक हिरवं पुस्तक असायचं. प्रत्येक नोकराकडून त्या पुस्तकावर सही घेतलेली होती: ज्यांचं काम आपण करतो, त्यांच्याकडून काहीही घ्यायचं नाही. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावी कंपनीनं विहीर बांधली, तिथल्या साहेबानं गावाकडून सोन्याची अंगठी घेतली आणि विहीर सहा महिन्यांत कोसळली. दुधानं तोंड पोळलं होतं, आता ताकही फुंकून पीत होते. गुणवंतभाईंची सही झाल्याशिवाय कुठल्याही कामाचा एक दगडही हलत नव्हता.

त्याच शनिवारी ते आले तेव्हा अकरा वाजले होते. पांढरा शर्ट, काळे चकचकीत बूट, कपाळावर केशराचा बारीक टिळा. बांधाच्या कडेनं ते सांभाळून चालत आले, टेपनं भगदाडाची लांबी मोजली, कागदाशी ताडून पाहिली, नि खूश झाले. "रसिकाबेन, सारू काम आहे. तीस फूट म्हणजे तीस फूट. मला वाटलं होतं वीस असेल आणि कागदावर तीस." मग ते गावकऱ्यांकडे वळले. "ओहोटी केव्हा? पाणी पूर्ण उतरलं की मी पाया बघून सही करतो. पंधरा मिनिटांत ट्रक खाली."

पण ओहोटीच्या वेळी दुसरंही एक काम असतं.

बांधात लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. भरती आली की पाण्याच्या रेट्यानं बंद होतं, ओहोटीला आपोआप उघडतं आणि आतलं पाणी खाडीत सोडतं. त्या दाराच्या तोंडाला पिशवीसारखं जाळं बांधलं की पाण्याबरोबरची मासळी आपल्या पायानं येते. आणि बांध नवा झाल्यावरची पहिली मासळी विकायची नसते, वाटायची असते. ज्यानं ज्यानं बांधाला हात लावला, त्याचा एक वाटा. बाबाजीनं आयुष्यभर काम केलं त्याचा एक, आणि एखाद्यानं एकच घमेलं टाकलं असलं तरी त्याचा एक.

दोन वर्षं भरतीबरोबर आत येऊन खोल चरांत राहिलेली मासळी त्या दुपारी बाहेर पडली. जाळं ओढायला सहा माणसं लागली. काळुंदर, बोय, मूठमूठभर कोलंबी, चिंबोऱ्या फटाफट नांग्या आपटताहेत, आणि या सगळ्याच्या तळाशी एक जिताडा. चांगला सात किलोचा, रुपेरी, तोंड आ वासून. बायका ओरडल्याच. राईत जिताड्याला राजाचा मान.

बांधाच्या सपाट जागेवर केळीची पानं मांडली. अठ्ठावीस पानं, अठ्ठावीस वाटे, घरटी एक असे बावीस गावाचे नि सहा कंपनीच्या पोरांचे. वाटणीत जिताडा कापायचा नसतो. तो ज्या पानावर, त्या पानावर दुसरं काही नाही. ज्याच्या नशिबी येईल त्याचा.

वाटे ठरवायची रीतही जुनीच. एकानं वाट्यांकडे पाठ करून उभं राहायचं. दुसऱ्यानं एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारायचं, हा कुणाचा? पाठ केलेल्यानं नाव घ्यायचं. बाबाजी खाडीकडे तोंड करून उभा राहिला. बोट ठेवायचं काम चंदननं आपण होऊन घेतलं. आज तोही सुट्टी काढून बांधावर आला होता. गुडघ्यापर्यंत चिखल, शर्टची बाही फाटलेली.

"यो कुनाचा?"

"पयला माझ्या घराचा."

"यो?"

"सुलूचा."

बाबाजी आळीतल्या घरांच्या क्रमानं नावं घेत गेला. चंदन वाट्यांमधून फिरत होता. विमलाबाई पानांजवळच उकिडवी बसली होती. चंदन जिताड्याच्या पानाजवळ आला, थांबला आणि पुढच्या पानावर बोट ठेवलं. थोड्या वेळानं पुन्हा तिथं आला आणि ओलांडून गेला. तिनं हे पाहिलं.

बावीस घरं संपली.

"यो कुनाचा?"

"आता पाव्हन्यांचे. रसिका बायचा."

चंदनचं बोट जिताड्यावर होतं.

टाळ्या पडल्या. सुलू म्हातारी नाचायला लागली. रसिकाचा चेहरा मात्र उतरला. "नाही नाही, बाबाजी," ती म्हणाली, "मला हा घेता येणार नाही. आम्हांला काहीच घेता येत नाही, आम्हां सहाही जणांना. मी आधीच सांगायला हवं होतं. माझी चूक झाली."

बाबाजी वळला. "घेता येत न्हाय म्हंजे?"

"कंपनीचा नियम आहे."

"बाय, तुमचा नियम तुमच्याकडं. बांधाचाबी नियम हाय. एकाचा जरी वाटा पडून राह्यला, तर कुनी आपला उचलत न्हाय. माझ्या आज्यापासून तसंच हाय."

झालं. अठ्ठावीस वाटे उन्हात पडून राहिले. कुणी हालेना. एक चिंबोरी तेवढी आपल्या वाट्यातून शेजारच्या वाट्यात गेली, तिला सुलूनं काडीनं परत लोटलं. कावळे जमायला लागले.

गुणवंतभाई इतका वेळ लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला, नाकाला रुमाल लावून उभे होते. बिचारे जन्मात कांदा न खाल्लेले. ते आता पुढं आले. त्यांनी जिताड्याकडे पाहिलं, मग रसिकाकडे, मग रस्त्यावरच्या नऊ ट्रकांकडे.

"हा मासा केवढ्याचा?" त्यांनी विचारलं.

बाबाजीनं मान खाली घातली. जिताडा म्हणजे नुसता मासा नव्हता, हे त्याला ठाऊक होतं. बापाच्या वेळी कुठल्या साहेबाकडे कागद अडला की माणसं जिताडा घेऊन दारात उभी राहायची. जिताडा आत गेला की कागद बाहेर यायचा.

"मी लोकांवर शक करत नाही," गुणवंतभाई हळूच म्हणाले, "पण जुओ, बघा ना, ज्या दिवशी दगडाची सही, त्याच दिवशी सगळ्यांत मोठा मासा नेमका आमच्या बेनला येतो. हे नशिबानं झालं असेल तर ठीक आहे. नशिबाला मी नोटीस देऊ शकत नाही. फक्त मला कुणीतरी सांगा, की हे नशिबानं झालं. मी लिहून घेतो आणि सही करतो. नाहीतर मला चौकशी लावायला लागेल. आठ-दहा दिवस जातील."

आठ-दहा दिवस. अवस चार दिवसांवर.

बाबाजी ठामपणे म्हणाला, "नशीबच, सायब. माझी तर पाठ व्हती." आणि ते खरंच होतं, त्याच्या बाजूनं.

गुणवंतभाईंनी पेन काढलं. विमलाबाईनं चंदनकडे पाहिलं. तो पायाच्या अंगठ्यानं चिखल उकरत होता. लहानपणी गूळ चोरायचा तेव्हाही असाच अंगठा चालायचा. पाहिलं होतं ते फक्त तिनं. ती गप्प बसली तर ट्रक रिकामे होणार होते, दगड बसणार होता, मडक्यातलं बी शेतात जाणार होतं. बोलली तर चौकशी, उधाण, आणि दिवाळीत दिलेला शब्द. दीड एकराचं काय ते आत्ता, या पानांपाशी ठरत होतं. तिनं एकदा शेताकडे बघितलं. पांढरं फटक, ऊन परतवत पडलेलं. लई जीव होता तिचा त्या तुकड्यावर.

ती उठली. गुडघे कडकडा वाजले.

"सायब, पेन ठेवा. चंदन, जिताड्यावरनं बोट दोनदा कते नेलंस तू? सांग सगल्यांपुढं."

चंदनची मान वर झाली. रंग उडाला. "आये..."

"मी बगलंय. मना इचारू नको, त्यांना सांग."

चंदन बोलला तेव्हा त्याचा आवाज चिरकला. "मीच टाळला तो वाटा. बाबाजी नावं लाईनीत घेतात, मला माहीत होतं. म्हणून रसिका मॅडमचं नाव येईपर्यंत जिताडा ठेवला. त्यांना यातलं कायपण माहीत न्हाय. मला वाटलं साहेब आलेत, मॅडमना चांगला वाटा गेला तर दगड लवकर पडेल. दोन वर्षं आये रोज ते मीठ बघायला जाते हो. मला बघवत न्हाय."

विमलाबाईला आधी राग आला. गावाच्या वाट्यात हात घातला होता पोरानं, असं राईत कधी घडलं नव्हतं. आणि त्या रागाच्या आतून दुसरंच काहीतरी वर आलं. जमीन विका म्हणणारा हा, मोटारसायकलची चित्रं उशाला घेऊन झोपणारा हा, बांध व्हावा म्हणून लबाडी करत होता! तिला रडावं की त्याच्या मुस्काटात द्यावी कळेना. तिनं दोन्ही केलं. हलकीच एक दिली आणि तोच हात पदरासकट डोळ्यांना लावला.

गुणवंतभाईंनी पेनाला टोपण लावलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तुमचं शेत कुठलं?" त्यांनी विमलाबाईला विचारलं.

तिनं दाखवलं.

"चौकशी लागली तर ते जाईल, हे तुम्हांला माहीत होतं?"

"व्हतं."

"बस," ते म्हणाले. "माझी चौकशी झाली. आई स्वतःच्या मुलाला पकडते, मग मी आठ दिवस इथं येऊन कुणाला पकडू? पण वाटणी पुन्हा करा. ही वाटणी खोटी आहे."

वाटणी पुन्हा करायची तर पाठ कुणी करायची? सगळ्यांच्या नजरा एकाच माणसावर गेल्या, ज्याला मासळीतलं काहीच नको होतं. गुणवंतभाई नको नको म्हणाले. पण बाबाजी म्हणाला, "तुमच्यापरास निर्मल मानूस आनायचा कुठून?" मग ते नावांची यादी घेऊन, नाकाचा रुमाल दाबत, खाडीकडे तोंड करून उभे राहिले. बोट बाबाजीनं ठेवलं. नावं ते कुठूनही घेत होते, वरून एक, खालून एक. चौथ्याच नावाला जिताडा सुलूच्या पानावर गेला. सुलूच्या तोंडात एकही दात नव्हता. तिनं कपाळावर हात मारला, "देवा, यंदा देलास, तो दात असताना का न्हाय देला?" आणि हसता हसता सगळ्यांची पोटं दुखली.

पण रसिकाचा नि तिच्याबरोबरच्या पोरांचा वाटा उरलाच. आता त्यात साध्या बोया होत्या, तरी घेणं ते घेणंच.

"सायब," विमलाबाईनं विचारलं, "हिला पगार देता ना तुमी?"

"हो."

"आजचापन?"

"आजचा दिवस कामाचाच धरला आहे."

"म्हंजे आज हिचे हात कुनाचे?"

गुणवंतभाईंनी विचार केला. त्यांना प्रश्न आवडला. "कंपनीचे."

"मंगे वाटा कुनाचा?"

"कंपनीचा," ते म्हणाले, आणि पुढचं त्यांना उमगलं तसा त्यांचा चेहरा बदलला.

"तर कंपनीनं उचलाचा," विमलाबाई म्हणाली. "आमच्यात कंपनी म्हनून मोटं मानूस तुमीच हाय."

"पन असं कसं," बाबाजी मधेच म्हणाला. त्याला बांधाचा नियम कंपनीच्या नियमाहून कमी पडायला नको होता. "सायबांनी चिखलाला हात लावलेला न्हाय. हात लावल्याबिगर वाटा उचलता येत न्हाय."

गुणवंतभाईंनी बूट काढले. मोजे काढून बुटात घातले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. एवढे गोरे पाय राईच्या चिखलानं कधी पाहिले नसतील. घमेलं उचललं, चार पावलं चालले आणि पाचव्याला बसले. तसेच बसून हसायला लागले. पहिल्यांदा हसले ते. चंदननं धावत जाऊन हात दिला, दोघांनी मिळून ते घमेलं बांधावर ओतलं.

मग ते पहिल्या पानाजवळ आले आणि थबकले. ओठ हलत होते. विमलाबाई शेजारी आली, हळूच म्हणाली, "मासलीला हात लावू नका, सायब. पानाची कड धरा. तेवढंच उचलनं."

त्यांनी सहाही पानांच्या कडा दोन बोटांनी धरून उचलल्यासारखं केलं. मग हिरव्या पुस्तकात उभ्यानं काहीतरी लिहिलं आणि रसिकाला वाचायला दिलं. तिनं मोठ्यानं वाचलं, "कामाचा वाटा, कंपनीला मिळाला. ट्रकवाले आणि कामकरी यांच्या जेवणाला दिला. कुणी घरी नेला नाही."

"लिवलंय का चांगलं?" बाबाजीनं विचारलं.

"फर्स्टक्लास," रसिका म्हणाली.

गुणवंतभाईंनी पाया बघून सही केली आणि नऊ ट्रक दोन तासांत रिकामे झाले. बांधावरच चूल मांडली. सुलूनं जिताडा सगळ्यांच्या कालवणात टाकला, आणि रस्सा पीत दातांचं दुःख विसरली. गुणवंतभाईंना विमलाबाईनं घरून तांदळाची भाकरी आणि भेंडीची भाजी आणली, कांदालसणाविना, वेगळ्या तव्यावर केलेली. ते संकोचले. तिनं सांगितलं, "ही गिफ्ट न्हाय. एक घमेल्याचा वाटा हाय तुमचा." त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या, तिसरी मागितली.

पुढचे तीन दिवस दगड रचण्यात गेले. चंदननं सुट्टी वाढवून घेतली. गावानं त्याला शिक्षा म्हणून सगळ्यांत जड दगड दिले आणि त्यानं ते कुरकुर न करता वाहिले. त्याच्या खांद्यांची सालपटं निघाली. विमलाबाई संध्याकाळी खोबरेल तेल लावायची आणि चढ्या आवाजात त्याच्या लबाडीचा उद्धारही करायची.

अवसेच्या दिवशी भर दुपारी उधाण आलं. सगळी राई बांधावर. रसिका आली, गुणवंतभाईही आले आणि आल्या आल्या कुणी न सांगता बूट काढले. पाणी दगडांवर चढत गेलं. एक थर, दुसरा थर. लाटेचं तोंड वरच्या ओळीला लागायचं नि मागं जायचं. विमलाबाई हात जोडून उभी होती, तोंडात देवाचं नाव नव्हतं, फक्त "थांब, थांब" म्हणत होती. वरून वीतभर राहिलं तेव्हा पाणी थांबलं. कितीतरी वेळ तिथंच डुलत राहिलं. मग एक ओली रेघ दगडावर दिसली, म्हणजे पाणी उतरायला लागलं होतं.

तिनं मागं वळून शेताकडे पाहिलं. कोरडं. दोन वर्षांत पहिल्यांदा भर उधाणात कोरडं. आता दोन चांगल्या सरी आल्या की मीठ धुऊन उघाडीतून खाडीत जाणार होतं, जिथून आलं तिथं.

माणसं ओरडत होती, बाबाजी लंगोटावर नाचत होता, गुणवंतभाई त्याच्या तालावर टाळ्या देत होते. चंदन शेताच्या कडेला एकटाच उभा होता. त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. बिल्डरचाच होता, तिनं लांबूनही ओळखला. तो वाकला, शेतातलं एक ढेकूळ उचलून कागदावर घेतलं, जिभेला लावून बघितलं आणि थुंकला.

मग तिच्याकडे येऊन म्हणाला, "आये, मडक्यातलं बी भिजत कवा घालाचं?"